हाड जुळतं, हात मात्र जळत राहतो

मनगटाचं हाड मोडलं तर साधारण सहा आठवड्यांत जुळतं. प्लास्टर निघतं, महिना-दोन महिने हात आखडल्यासारखा वाटतो आणि मग हळूहळू कामाला लागतो. बहुतेकांचं असंच होतं. थोड्यांचं मात्र होत नाही. एक्स-रेत हाड व्यवस्थित जुळलेलं दिसतं, पण हात सुजलेला, कधी लाल तर कधी निळसर, घामाने ओला, आणि वेदना मार लागला त्या दिवसापेक्षाही जास्त. "हाताची आग होऊन राह्यली," असं नागपूरकडचा रुग्ण सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना असा माणूस कूलरच्या झोतातून उठून बाजूला बसतो, कारण नुसता वारा लागला तरी हाताला चटका बसतो. शर्टाची बाही सहन होत नाही. घरच्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांच्यासमोर असतो तो जुळलेल्या हाडाचा एक्स-रे.

या आजाराला डॉक्टर सीआरपीएस म्हणतात, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. जुने अस्थिरोगतज्ज्ञ अजून 'सुडेक' किंवा 'आरएसडी' लिहितात. केसपेपरवर यांतलं कोणतंही नाव असलं तरी आजार एकच. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांच्या जळत्या हातांचं वर्णन सायलस वीअर मिचेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १८६४ साली छापलं. १९०० मध्ये हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी अशा हातापायांचे एक्स-रे तपासले, तेव्हा त्यांना हाडं जागोजागी विरळ झालेली आढळली. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आजचं नाव १९९४ मध्ये ठरलं. मोठा मज्जातंतू दुखावला नसेल तर पहिला प्रकार, दुखावला असेल तर दुसरा, एवढाच दोन प्रकारांतला फरक. लक्षणं सारखीच.

नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २६ नवे रुग्ण आढळले. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या तिप्पटीहून जास्त होतं, पायापेक्षा हाताला हा आजार अधिक झाला होता, आणि त्याचं सगळ्यांत नेहमीचं निमित्त होतं फ्रॅक्चर. म्हणजे बाथरूममध्ये घसरून मनगटावर पडलेली पन्नाशी-साठीची बाई, किंवा दुचाकीवरून पडताना हात टेकलेला माणूस. साधा मुरगळा, हाताची शस्त्रक्रिया, कधी सलाइनची सुई, एवढंही निमित्त पुरतं. लकव्यानंतर लुळा पडलेला हातही याच वाटेने जातो.

आधी साधं दुखणं कसं चालतं ते पाहू. हाड मोडलं की त्या जागी दाह सुरू होतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, सूज येते, जागा गरम होते. तिथल्या बारीक मज्जातंतूंची टोकं हळवी होऊन मेंदूकडे इशारे पाठवत राहतात. हे गरजेचंच आहे. दुखतं म्हणूनच आपण तो हात जपतो. दुरुस्ती पुढे सरकली की दाह ओसरतो आणि इशारे थांबतात. सीआरपीएसमध्ये ते थांबत नाहीत. चोर केव्हाच शिवेबाहेर गेला, तरी जागल्या रात्रभर ओरडत राहावा आणि सगळं गाव जागं राहावं, तशी ही अवस्था.

हा बिघाड एकाच जागी नसतो, म्हणून तो समजायला आणि बरा करायलाही अवघड जातो. पहिला बिघाड हातातच होतो. मज्जातंतूंची टोकं फक्त निरोप धाडत नाहीत, ती स्वतःही काही रसायनं सोडतात. ही रसायनं रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, सूज वाढवतात, आणि वाढलेली सूज पुन्हा त्याच टोकांना डिवचते. दुसरा बिघाड सिंपथेटिक मज्जातंतूंचा. रक्तवाहिन्या आवळणं, सैल सोडणं आणि घाम आणणं ही त्यांची कामं. त्यांचा ताळमेळ सुटला की हात सुरुवातीला गरम आणि लाल असतो, काही महिन्यांनी बऱ्याचदा थंडगार आणि निळसर होतो. जानेवारीतल्या थंडीत असा हात गोधडीतही गार राहतो. भीती, राग, भांडण यांनी वेदना उसळते त्याचाही संबंध इथे आहे, कारण अशा वेळी शरीरात सुटणाऱ्या रसायनांना हे दुखावलेले मज्जातंतू जास्त दाद देऊ लागलेले असतात. "चिडली की हात दुखतो, म्हणजे मनाचंच आहे," असा अर्थ काढणं चूक आहे.

तिसरा बिघाड पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत. तिथल्या पेशींवर दिवसरात्र वेदनेचे इशारे आदळत राहिले की त्या येणारा प्रत्येक इशारा मोठा करून वर पाठवू लागतात. मग कापसाचा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. आणि शेवटी मेंदू. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या प्रत्येक भागासाठी राखीव जागा असते. हातासाठी ती मोठी असते. सीआरपीएसमध्ये दुखऱ्या हाताची ही जागा आक्रसलेली स्कॅनमध्ये दिसली आहे. रुग्णाला डोळे मिटल्यावर कोणत्या बोटाला स्पर्श झाला ते ओळखता येत नाही. हात आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. काही जण तर म्हणतात, हा हात माझा वाटतच नाही. वेदना कमी झाल्यावर ती जागा पुन्हा पसरते, हेही अभ्यासांत दिसलं आहे. उपचारांची बरीचशी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

आता गंभीर गुंतागुंतीबद्दल. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये आपल्या १००६ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ७४ जणांना गंभीर गुंतागुंत झाली होती: जंतुसंसर्ग, चिघळणाऱ्या जखमा, न उतरणारी सूज, स्नायू कायमचे आवळून बसणं, आणि अवयवाला बसणारे झटके. म्हणजे शंभरातले सात. या रुग्णांत तरुण स्त्रिया अधिक होत्या, आणि ज्यांचा हातपाय सुरुवातीपासूनच थंड होता त्यांना धोका जास्त होता. प्रमाण लहान आहे, पण त्या सातांचं जे होतं ते आयुष्य मोडणारं असतं.

सगळ्यांत आधी हात आखडतो. सुजेतला द्रव फार काळ साचून राहिला की सांध्यांभोवतीचं आवरण जाड होतं, चिकटतं. बोटांची पेरं वळत नाहीत, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, आणि हात पोटाशी धरून ठेवल्याने खांदाही जखडतो. या टप्प्यावर व्यायामाने सुटका होऊ शकते. वर्षभर तसंच राहिलं तर स्नायू आणि कंडरा आखूड होतात आणि मग कुणी जोर लावूनही बोटं उघडत नाहीत.

यापुढची पायरी डिस्टोनियाची. करंगळी आणि अनामिका आधी तळव्याकडे वळतात, मग बाकीची बोटं, आणि मूठ घट्ट बंद होऊन बसते. रुग्ण ती मुद्दाम आवळत नाही. मेंदूकडूनच चुकीचा हुकूम येत असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात अशा मुठीची काय गत होत असेल ते डोळ्यांसमोर आणा. आत घाम साचतो, कातडी पांढरी पडून सोलते, बुरशी धरते, वाढलेली नखं तळव्यात रुततात, जखम होते, वास येतो. साफ करायला हात लावावा तर रुग्ण किंचाळतो. कधी कधी नुसती नखं कापायला भूल द्यावी लागते.

न उतरणाऱ्या सुजेचीही अशीच कथा. कातडी ताणून चकचकीत आणि पातळ होते, फोड येतात, फुटतात, आणि रक्तपुरवठा अपुरा असल्याने भरत नाहीत. त्यातून जंतू आत शिरतात आणि हात पुन्हा पुन्हा लाल होऊन ताप येतो. मधुमेह असेल तर हा धोका आणखी वाढतो. दुखणं दाबायला म्हणून काही रुग्ण दंडाला फडकं किंवा दोरी घट्ट बांधतात. हे कधीही करू नये. त्याने सूज वाढते आणि हात आणखी लवकर बिघडतो. हाडं विरळ होतात ती वेगळीच. पुढे साध्या धक्क्यानेही मोडण्याची भीती राहते. काहींना हातात कंप सुटतो, झटके येतात. आणि थोड्या रुग्णांत आजार दुसऱ्या हातात किंवा पायात पसरतो.

मनावर होणाऱ्या परिणामाला मी गंभीर गुंतागुंतच मानतो. रात्री पांघरुणाचं टोक हाताला लागलं की जाग येते. महिनोन्‌महिने अशी झोप मोडते. कणिक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही, गाडीचा क्लच दाबता येत नाही. "एक्स-रे तर चांगला आहे" हे वाक्य घरचे, शेजारी, कधी डॉक्टरही ऐकवतात आणि सुनेवर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. नैराश्य येणं आणि जीव नकोसा होणं या आजारात वारंवार दिसतं. असं कुणी बोलून दाखवलं तर ते बोलणं मनावर घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

इतकं सोसल्यावर रुग्ण म्हणतो, हात कापून टाका. ही मागणी समजण्यासारखी आहे, पण तिचं फळ काय ते माहीत असायला हवं. नाइमेखेनच्याच गटाने १९९५ मध्ये हात किंवा पाय कापावा लागलेल्या २८ रुग्णांची माहिती दिली. वेदना गेली ती फक्त दोघांची. बहुतेकांच्या उरलेल्या थोट्या भागात तोच आजार परत आला आणि कृत्रिम अवयव वापरू शकले तेही दोघेच. आटोक्यात न येणाऱ्या जंतुसंसर्गापायी कधी कधी कापण्याला पर्याय राहत नाही, ती गोष्ट वेगळी. वेदनेवरचा इलाज म्हणून कापणं हा इलाज नव्हे, कारण वेदनेचा मोठा भाग तोवर मज्जारज्जूत आणि मेंदूत जाऊन बसलेला असतो.

ओळखायचं कसं? रक्ताच्या तपासणीत सीआरपीएस कळत नाही. एक्स-रे सुरुवातीला साधाच दिसतो. डॉक्टर बघून, स्पर्श करून आणि विचारून निदान करतात. त्यासाठी २००३ मध्ये बुडापेस्टला जमलेल्या तज्ज्ञांनी निकष आखून दिले आहेत. मूळ इजेच्या मानाने फार जास्त आणि सतत चालणारी वेदना ही पहिली अट. त्याशिवाय चार गोष्टी पाहतात: हलका स्पर्श किंवा टोचणी गरजेपेक्षा जास्त दुखते का, दोन हातांच्या रंगात किंवा उष्णतेत फरक आहे का, सूज आहे का किंवा घाम कमी-जास्त येतो का, आणि हालचाल, ताकद, केस, नखं, कातडी यांत बदल झाला आहे का. रुग्णाच्या सांगण्यात यांतल्या किमान तीन आणि डॉक्टरांना तपासताना किमान दोन आढळायला हव्यात. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं होत नाही ना, याची खात्री व्हायला हवी. शेवटचं कलम महत्त्वाचं आहे. हातातल्या शिरेत गुठळी, आत पू, दबलेला मज्जातंतू यांनीही हात सुजतो. आणि प्लास्टर घातल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बोटं बधिर, निळी पडली, दुसऱ्याने सरळ केली तरी असह्य कळ आली, तर तो सीआरपीएस नसून घट्ट प्लास्टरखाली रक्तपुरवठा कोंडल्याची खूण असू शकते. तेव्हा रात्र असली तरी त्याच वेळी कॅज्युअल्टी गाठायची.

उपचारांचा कणा म्हणजे हालचाल. सगळी औषधं आणि सुया त्या हालचालीला वाट मोकळी करून द्यायला असतात, असं मी मानतो. दुखतं म्हणून हात हलवायचा नाही, न हलवल्याने सूज साचते, सांधे धरतात, मेंदूतली हाताची जागा आक्रसते, आणि दुखणं वाढतं. या फेऱ्यातून बाहेर काढणं हेच फिजिओथेरपिस्टचं काम. जोर लावून बोटं मोडणं हे ते काम नव्हे. तसं केलं तर हात दुसऱ्या दिवशी आणखी सुजतो. दिवसातून अनेक वेळा, थोडं थोडं, रुग्णाने स्वतः करायचं. आधी कापूस, मग जुनं सुती लुगडं, मग टॉवेल असा स्पर्श वाढवत न्यायचा. परातीत तांदूळ घेऊन त्यात हात फिरवायचा, पुढे ज्वारी, तूर डाळ. जमेल तसा ओणवं होऊन ब्रशने फरशी घासण्याचा आणि हातात पिशवी धरून चालण्याचा व्यायामही देतात. त्यात हातावर भार येतो आणि हाताला तो हवाच असतो.

आरशाचा उपायही आहे. दोन हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, दुखरा हात त्याच्या मागे, आणि चांगल्या हाताची आरशातली हालचाल पाहत राहायची. मेंदूला दुखरा हात सहज हलताना दिसतो. मूळ तमिळनाडूचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापलेल्या रुग्णांसाठी हा उपाय वापरला; पुढे तो सीआरपीएसला लागू पडला. आजार जुना असेल तर आरशाने उलट दुखू शकतं. तेव्हा आधी चित्रांतला हात डावा की उजवा ते ओळखण्याचा सराव, मग नुसती मनातल्या मनात हालचाल, आणि त्यानंतर आरसा, असा क्रम ऑस्ट्रेलियाच्या लॉरिमर मोझली यांनी बसवला.

औषधांत सुरुवातीच्या गरम, सुजलेल्या टप्प्यात स्टेरॉइडचा छोटा कोर्स उपयोगी पडतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत जयंती कलिता आणि उषाकांत मिश्रा यांच्या गटाने लकव्यानंतरच्या ६० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये छापला: प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी ८३ टक्के सुधारले, नेहमीची वेदनाशामक गोळी घेतलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के. मधुमेह असेल तर स्टेरॉइड डॉक्टरांच्या नजरेखालीच. हाडांची झीज थांबवणारी बिस्फॉस्फोनेट औषधंही वेदना कमी करतात. गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन अशा गोळ्या दिल्या की रुग्ण माहितीपत्रक वाचतो, त्यात मिरगी किंवा नैराश्य असं दिसतं आणि तो गोळी बंद करतो. तसं करू नका. त्या गोळ्या मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करायला दिलेल्या असतात. क जीवनसत्त्वाची गोळी फ्रॅक्चरनंतर पन्नास दिवस घेतली तर आजार टळतो, असं डच अभ्यासांत दिसलं. नंतरच्या एडिनबरोच्या अभ्यासात तसं दिसलं नाही. डॉक्टरांनी दिली तर घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. संत्र्यांच्या शहरात हा प्रश्न येणारच म्हणून सांगतो: त्या गोळीइतकं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळवायला रोज किलोभराहून अधिक सोललेल्या फोडी खाव्या लागतील.

एवढ्याने भागलं नाही तर वेदनातज्ज्ञ मानेतल्या सिंपथेटिक गाठीत सुई देतात, ज्याला स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉक म्हणतात. त्याने मिळालेल्या काही तासांच्या, कधी काही दिवसांच्या आरामात व्यायाम करून घ्यायचा असतो; सुई घेऊन घरी झोपून राहिलं तर ती वाया गेली. केटामाइनची सलाइन आणि कण्यात बसवायचा विजेचा स्टिम्युलेटर हे त्यापुढचे, महागडे आणि मोजक्या रुग्णांसाठीचे मार्ग.

नागपुरात या उपचारांसाठी जागा आहेत. १९४७ पासूनचं मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, आणि वर्ध्याकडे सेवाग्राम व सावंगी. जायचं अस्थिरोग विभागात, आणि वेदनेसाठी भूलतज्ज्ञांकडे. वेदनेचे दवाखाने बहुधा तेच चालवतात. अडचण अंतराची आहे. गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून येणारा माणूस रोज फिजिओथेरपीला येऊ शकत नाही. त्याने डॉक्टरांकडून घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून घ्यावेत, फोनवर व्हिडिओ काढून घ्यावा, आणि घरच्या एका माणसाला सोबत आणून दाखवावेत. वाटेत गावचा हाडवैद्य भेटतो, तो तेल लावून रगडतो आणि कामट्यांनी करकचून बांधतो. सीआरपीएसच्या हाताला यासारखं घातक दुसरं काही नाही. बर्फात हात बुडवणंही नको आणि तापल्या विटेचा शेकही नको. ज्या हाताला संवेदना नीट कळत नाहीत तो भाजला तरी समजत नाही.

टाळता येण्यासारखंही पुष्कळ आहे. हात मोडला की सूज यायच्या आत अंगठ्या आणि बांगड्या उतरवा, हिरवा चुडा असला तरी. प्लास्टरमधला हात पहिले काही दिवस छातीच्या वर ठेवा. दर तासाला बोटं पूर्ण वळवा, पूर्ण उघडा. कोपर आणि खांदा फिरवत राहा. घरात लकव्याचा रुग्ण असेल तर त्याला लुळ्या हाताला ओढून उठवू नका, त्या हाताला सलाइन लावू देऊ नका. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झालेले बरेच रुग्ण चांगले सुधारतात. ज्यांचे हात कायमचे गेले त्यांच्यापैकी अनेकांचे ते महिने "होईल हळूहळू" म्हणण्यात गेलेले असतात. म्हणून प्लास्टरमधली बोटं आज वळत नसतील, किंवा प्लास्टर निघून दोन आठवडे झाले तरी हाताला वारा सोसत नसेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्या सकाळीच ओपीडीत जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "हा सीआरपीएस तर नाही ना?"